विसाव्याचे तास : दिव्यांग आप्तांची शुश्रूषा करणारी कुटुंबे आणि आपली शाळा

शाळाभेटीच्या वेळी हजेरीपट पाहणे हा आमच्या कामाचा नित्याचा भाग होय. जुलै-ऑगस्टमध्ये, रोवणी ऐन भरात असताना, वरच्या वर्गांतील काही मुलींच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा ओळीने दिसू लागतात. कारण विचारले असता ‘शेतीकाम’ असे उत्तर मिळते, व पुष्कळदा ते खरेही असते. परंतु यांपैकी काही मुली बांधीत उतरलेल्याच नसतात. त्या घरी असतात. घरात अंथरुणाला खिळलेली आजी असते, किंवा स्वतःच्या हाताने घास घेऊ न शकणारा भाऊ असतो, आणि मोठी माणसे कामावर गेल्यावर त्याच्याजवळ कोणीतरी बसावयास हवे असते. आपल्या पटावर या कारणासाठी रकाना नाही. म्हणून ते कारण आपल्याला दिसत नाही.

एका लहान गावी मी मुख्याध्यापक होतो तेव्हाची गोष्ट. चौथीतील एक चलाख मुलगी आठवड्यातून दोन-तीन दिवसच शाळेत येई. तिच्या नावापुढे मी स्वतः ‘अनियमित; पालक उदासीन’ असा शेरा लिहिला होता, आणि वर्गात सर्वांसमक्ष तिला बोललोही होतो. एके दिवशी मधल्या सुटीत तिच्या घरी गेलो. सपरीत बाजेवर तिचा चौदा वर्षांचा भाऊ आडवा होता. मेंदूच्या पक्षाघातामुळे त्याचे हातपाय ताठलेले, मान स्थिर राहत नव्हती. ही दहा वर्षांची मुलगी त्याची मान आपल्या मांडीवर घेऊन त्याला पेज भरवीत होती. मला पाहून ती घाबरली. “आईबाबा रोवण्याले गेले, दादाजवळ कोन राहीन, गुरुजी?” एवढेच ती म्हणाली. शाळेत परतल्यावर तो शेरा मी खोडला. त्याच्या जागी काय लिहावे हे मात्र मला सुचले नाही.

या लेखाचा विषय त्या मुलीच्या प्रश्नातच आहे.

शुश्रूषा करणाऱ्यास ठराविक काळ मोकळे करून त्याची जागा दुसऱ्या विश्वासू व्यक्तीने किंवा संस्थेने तात्पुरती घेणे, यास इंग्रजीत ‘रेस्पिट केअर’ असे म्हणतात. आपल्या भाषेत यास ‘विसावा’ हा शब्द सहज शोभतो. डोक्यावर मोळी घेऊन रानातून येणारी बाई वाटेत एखाद्या उंच बांधावर भार टेकविते, मान मोकळी करते, घोटभर पाणी पिते आणि पुन्हा तीच मोळी उचलून घराकडे निघते. तिने मोळी टाकून दिली असे कोणी म्हणत नाही. दिव्यांग मुलाच्या आईला दोन तासांची उसंत मिळावी असे म्हटले की मात्र काही लोकांना तिने कर्तव्यात कसूर केल्यासारखे वाटते, आणि दुःखाची गोष्ट ही की, पुष्कळदा तिला स्वतःलाही तसेच वाटते.

हे काम बाहेरून दिसते त्याहून पुष्कळ जड असते. ज्याला स्वतः कूस बदलता येत नाही त्याला अंथरुणातील जखमा होऊ नयेत म्हणून साधारणतः दर दोन तासांनी वळवावे लागते, आणि रात्रही यास अपवाद नसते. म्हणजे अशा घरातील आईची झोप वर्षानुवर्षे सलग अशी होतच नाही. ज्याला गिळण्यास अडचण येते त्याचे एकेक जेवण तासभर चालते. लहानपणी मूल कडेवर मावते. पुढे त्याचे वजन वाढत जाते, आईची कंबर मात्र तीच राहते व दरवर्षी थोडी अधिक दुखू लागते. लग्नकार्यास जाणे सुटते, माहेर सुटते, बचत गटाची बैठक सुटते. स्वतः तापाने फणफणली तरी दवाखान्यात जाण्यास तिला वेळ नसतो. शुश्रूषा करणारी व्यक्ती खचली की घरात एकाच्या जागी दोन रुग्ण होतात, आणि मग तिसऱ्याचे, बहुधा मुलीचे, शिक्षण थांबते.

केंद्र शासनाच्या नमुना पाहणीत २०१८ साली असे आढळले की, देशातील दर शंभर दिव्यांगांपैकी सुमारे ६२ जणांची काळजी घेणारे कोणीतरी होते. हे ‘कोणीतरी’ म्हणजे आपल्या खेड्यांत बहुतांशी आई, सून, बहीण. बापाने या कामात वाटा उचललेली घरेही मी पाहिली आहेत. ती थोडी आहेत, परंतु आहेत, आणि पालकसभेत त्यांचा उल्लेख आपण मुद्दाम करावा.

विसाव्याचे प्रकार अनेक आहेत. कोणी दोन-तीन तास घरी येऊन बसतो. कोठे दिवसाचे केंद्र असते, तेथे सकाळी पोहोचवावे व सायंकाळी आणावे. कोठे आठ-पंधरा दिवस राहण्याची सोय असते. आईची शस्त्रक्रिया, घरातील मृत्यू, दुसऱ्या मुलाची परीक्षा अशा वेळी ती कामी येते. गरजही सर्वांची सारखी नसते. पूर्व विदर्भात आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा विकार घ्या. २०१६ च्या अधिनियमात दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार सांगितले आहेत त्यांत तो येतो. हे मूल एरवी धावते, खेळते. परंतु वेदनेची लाट आली की चार-सहा दिवस सारे घर ठप्प होते. त्या कुटुंबास रोजच्या केंद्राचा उपयोग थोडा. त्यास हवा असतो रात्री-अपरात्री हाकेला येणारा शेजारी.

कायद्याच्या दृष्टीने ही कल्पना नवी नाही. आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. त्यात कुटुंबावर संकट आले असता सेवा पुरविणाऱ्या संस्थांना साहाय्य करणे हा न्यासाचा एक उद्देश म्हणून लिहिलेला आहे, आणि विसावा-सेवा व दिवसाची देखभाल यांना उत्तेजन देण्याचे कामही स्पष्ट नमूद आहे. न्यासाच्या ‘समर्थ’ या योजनेचा रोख निवासी विसाव्याकडे, तर ‘विकास’चा दहा वर्षांवरील व्यक्तींच्या दिवसाच्या केंद्राकडे. ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतच्या वैद्यकीय खर्चाची विमा योजना आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली या कायद्यान्वये स्थानिक समिती असते; अठरा वर्षांवरील अशा व्यक्तीस पालक नेमून देण्याचे काम तिच्याकडे येते. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला व १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या २४ व्या कलमात, ज्यांना अधिक प्रमाणात आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी शासनांनी काळजीवाहक भत्त्याची तरतूद करावी असे म्हटले आहे.

एवढे असूनही केशोरीच्या किंवा दरेकशाच्या बाईला याचा प्रत्यक्ष अनुभव किती येतो, हा प्रश्न उरतोच. शहरात एखादे उत्तम केंद्र असले तरी मुलाला उचलून बसमध्ये चढवून चाळीस-पन्नास किलोमीटर नेणे व आणणे हीच मुळी दिवसभराची मजुरी बुडविणारी गोष्ट आहे. तेव्हा विसावा हा गावातच मिळावयास हवा. आणि गावात, सरकारी इमारत म्हणून जी एक जागा वर्षभर उघडते, ती आपली शाळा.

आता थोडा हिशोब करू. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाचे किमान २०० दिवस व अध्यापनाचे ८०० तास ठरलेले आहेत. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास. वर्षाचे एकूण तास ८७६०. दिव्यांग मूल नियमित शाळेत आले तर त्याच्या आईला त्यांतले किमान आठशे तास मिळतात. त्या वेळात ती रोवणीला जाऊ शकते, धुणे धुते, अंग टाकते. मूल शाळेत आले नाही तर हा आकडा शून्य होतो. ‘आज याला घेऊन जा, हा वर्गात त्रास देतो’ असा निरोप आपण पाठवितो तेव्हा कोणाच्या किती तासांवर आपण हात ठेवीत आहोत, याचा विचार करावा. शाळा ही मुलाच्या शिक्षणासाठी आहे, त्याला सांभाळण्यासाठी नव्हे, हे मला मान्य आहे. सांभाळण्यापुरतेच त्याला कोपऱ्यात बसवून ठेवणे हा त्याच्यावर अन्यायच होईल. परंतु मूल शिकत असताना आईला विसावा मिळतो, आणि या दोन गोष्टींत विरोध कोठेच नाही.

गृहाधारित शिक्षणाविषयीही येथेच सांगितले पाहिजे. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र व बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलास घरी शिकण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क मिळाला. निवड पालकांची आहे. शाळेला अडचण होते म्हणून मुलाचे नाव त्या यादीत टाकणे हे कायद्याच्या हेतूविरुद्ध होय, आणि त्याने आईचे आठशे तास एका सहीत जातात. ज्यांना खरोखरच घरी शिकविणे आवश्यक आहे त्यांच्याकडे विशेष शिक्षक जातात, तेव्हा आई शेजारी बसून शिकते. ते योग्यच आहे. तथापि महिन्यातून एखादी भेट अशी ठेवावी की शिक्षक मुलाजवळ आहेत व आई तेवढा वेळ बाहेर जाऊन आली आहे.

दुसरी एक गोष्ट आपल्या हातात नाही, परंतु लक्षात असावी. आपल्या सुट्यांचा काळ व आपल्या जिल्ह्यातील कामाचे हंगाम एकमेकांवर येतात. मोहफूल वेचणे मार्च-एप्रिलमध्ये, तेंदूपत्ता मे महिन्यात, हलक्या धानाची कापणी दिवाळीच्या आगेमागे. शाळा बंद आणि काम भरात, अशा वेळी दिव्यांग मूल व त्याची बहीण दोघेही घरी असतात, व बहिणीकडे भावाचा भार सबंध येतो. सुटीनंतर ती मुलगी शाळेत परतली नाही तर पहिली चौकशी याच दिशेने करावी.

माझ्या त्या शाळेच्या गावी पुढे काय झाले ते सांगतो, कारण त्यात आमची चूकही आहे. पुढच्या रोवणीच्या आधी मी बचत गटातील बायकांना बोलाविले, आणि आळीपाळीने एकेकीने त्या मुलाजवळ बसावे असे सुचविले. सर्वांनी माना डोलाविल्या. पहिल्या दिवशी जी बाई बसली तिने मायेने त्याला आडवे असतानाच भात भरविला व त्याला जोराचा ठसका लागला. दुसऱ्या दिवशी मुलाला आकडी आली. बसलेली बाई एवढी भ्याली की, तिसऱ्या दिवसापासून कोणीच आले नाही. आईनेही रोवणी सोडली. ‘माझ्या लेकराचे मलाच कळते’ असे ती म्हणाली, व त्यात काही खोटे नव्हते. मी भाषण केले होते, शिकविले काहीच नव्हते. अध्यापक विद्यालयातून शिकून बाहेर पडलेल्या माणसाकडून हे घडावे याची मला अजून खंत वाटते.

त्यानंतरच्या वर्षी क्रम बदलला. मे महिन्यापासून दोन बायका, आई घरी असतानाच, अधूनमधून येऊन बसू लागल्या. पाठीला आधार देऊन सरळ बसवावे, मान किंचित पुढे असावी, घास लहान असावा व पहिला गिळल्यावाचून दुसरा देऊ नये, हे त्यांनी आईकडून पाहून घेतले. आकडीविषयी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिचारिकेने समजावून सांगितले. मुलास कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, पाणी पाजू नये, कांदा किंवा जोडा हुंगविण्यात वेळ दवडू नये. घड्याळ पाहावे; पाच मिनिटांहून अधिक वेळ आकडी राहिली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर रुग्णवाहिका बोलवावी. आज त्यासाठी १०८ हा क्रमांक आहे.

मजुरीचा प्रश्न बायकांनीच सोडविला, मला तो सुचला नसता. त्या गुत्त्याने रोवणी करीत. दहा जणींच्या टोळीतील एक रोज मागे राही, त्या मुलाला व टोळीतील दोन तान्ह्यांना पाही, आणि गुत्त्याच्या पैशात तिचा वाटा इतरांइतकाच धरला जाई. मूल सांभाळणे म्हणजे बांधीत वाकण्याइतकेच काम, असा त्यांचा सरळ हिशोब होता. त्या हंगामात माझी विद्यार्थिनी फार थोडे दिवस चुकली. एवढ्याने त्या घराचे दुःख संपले असे नाही. मुलाची प्रकृती तशीच राहिली, आणि टोळीत भांडण झाले त्या वर्षी ही व्यवस्थाही मोडली. पुन्हा जुळविण्यास दोन हंगाम गेले.

महाराष्ट्रात इतरत्र पालकांनी याहून मोठी कामे केली आहेत. बदलापूर येथील ‘आधार’ ही मतिमंद मुलांच्या पालकांची संस्था, तसेच डोंबिवलीजवळील खोणी येथे अमेय पालक संघटनेने चालविलेले ‘घरकुल’, या दोन्हींचा उगम ‘आमच्या पश्चात याचे काय’ या पालकांच्या काळजीत आहे. आपल्या विदर्भात अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे श्री. शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना घर व स्वतःचे नाव दिले; २०२४ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. अशी गृहे वंदनीय आहेत, परंतु वझ्झरचे घर ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी आहे. आपला प्रश्न ज्यांना घर आहे, माया आहे, परंतु उसंत नाही, त्यांचा आहे. त्यास अधिक जवळचे उदाहरण केरळातील आहे. तेथे ग्रामपंचायतींनी कुटुंबश्री या महिलांच्या संघटनेच्या साहाय्याने ‘बड्स’ नावाच्या शाळा काढल्या. पहिली २००४ साली तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील वेंगानूर येथे निघाली. अठरा वर्षांवरील मुलांसाठी त्याच धर्तीची दिवसाची केंद्रे आहेत. शय्याग्रस्तांची शुश्रूषा करणाऱ्यास दरमहा थोडे साहाय्य देणारी ‘आश्वासकिरणम्’ ही योजनाही त्याच राज्याची. इंग्लंडात २०१४ च्या कायद्याने शुश्रूषा करणाऱ्या प्रौढ व्यक्तीच्या स्वतःच्या गरजांची पाहणी करण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले. तेथेही काम ग्रामपंचायत-नगरपालिकेसारख्या संस्थांकडेच आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी असा शासनाचा आदेश आहे. पुष्कळ ठिकाणी ती रक्कम वर्षाअखेरीस घाईने वस्तुवाटपात जाते. ब्लँकेट वाईट नाही. परंतु हंगामाचे दोन महिने एखाद्या रिकाम्या वर्गखोलीत किंवा समाजमंदिरात दिवसाची बैठक चालवावी, दोन प्रशिक्षित बायकांना मानधन द्यावे, बाजा व पाण्याची सोय करावी, हा खर्च त्याच निधीतून सुचविता येईल. ग्रामसभेत हा विषय मांडण्यास मुख्याध्यापकांनी संकोच करू नये. मात्र बैठकीत नेहमी दोघीजणी असाव्यात, दार उघडे असावे, व त्या बायका मुलांच्या आयांनी पारखलेल्या असाव्यात. न बोलता येणाऱ्या मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, बाबतीत एवढी दक्षता नसेल तर बैठक नसलेली बरी.

शिक्षकबंधुभगिनींनो, येथे आपल्या कपाळावर आठी पडली असेल तर ती मी समजू शकतो. आणखी एक अशैक्षणिक काम! ते टाळण्यासाठीच मागणी थोडी ठेवीत आहे. मुलाजवळ शिक्षकाने बसावयाचे नाही, व वर्गातील मुलींनाही बसवावयाचे नाही. आपण दोन कागद तयार करावयाचे आहेत.

पहिला कागद मुलाविषयीचा. आईजवळ बसून, तिच्याच शब्दांत, एका पानावर लिहावे : काय खातो, कसा बसतो, तहान लागली किंवा लघवीस जावयाचे असले तर कोणती खूण करतो, कशाने घाबरतो, कशाने शांत होतो, औषध कोणते व केव्हा, आकडी येते का, कोणाला बोलवावे. मोठ्या अक्षरांत लिहून तो बाजेजवळच्या भिंतीवर लावावा. दुसऱ्याच्या हाती मूल देण्यास आई का कचरते? त्या दुसऱ्याला काही ठाऊक नसते म्हणून. तिच्या डोक्यात असलेली सारी विद्या या पानावर उतरली की तिचे भय निम्मे होते, आणि ती लिहून घेण्यास गावात शिक्षकाहून योग्य माणूस नाही.

दुसरा कागद आपल्या पटाविषयीचा. गेल्या शैक्षणिक वर्षात ज्यांची हजेरी रोवणी, कापणी व तेंदूपत्ता या काळांत घसरली अशा मुलामुलींची नावे काढावीत, आणि घरी जाऊन एकच प्रश्न विचारावा : तुझ्या घरी कोणाजवळ बसावे लागते? उत्तर नावापुढे पेन्सिलीने लिहावे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र त्या व्यक्तीकडे आहे की नाही, याचीही तेथेच नोंद करावी. नसल्यास गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांना कळवावे. मदतनीस भत्ता व प्रवास भत्ता यांस पात्र असलेली मुले यादीतून सुटली असल्यास तीही याच वेळी सापडतील.

ही यादी येत्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेस सोबत आणावी. नावे जाहीर वाचावयाची नाहीत. केंद्रप्रमुखांनी गावनिहाय संख्या घ्यावी, व ज्या गावांत तीन किंवा अधिक घरे आढळतील त्या गावांच्या ग्रामसेवकांशी व अंगणवाडी सेविकांशी रोवणीच्या आधी, म्हणजे जूनअखेरपर्यंत, बोलून घ्यावे. पेन्सिलीने लिहिलेली कारणे खोडू नयेत.